भुताचं अक्षर

"बाबा, हे बघा. हे कसं वाटतं?" योगिनीने लॅपटॉप आमच्याकडे वळवला.

पडद्यावर अक्षरांतून रक्त ठिबकत होतं. सासऱ्यांच्या तिथीची खीर नुकतीच पोटात गेलेली, वर वडे, वर आमसुलाची चटणी, आणि त्याच्यावर हे. मी म्हटलं, "अगं बाई, आधी ते बंद कर. दिवस कोणता हाय अन् बघतीयस काय?"

"आई, फॉन्ट आहे हा. अक्षराचं वळण. मेणबत्त्यांच्या लेबलांसाठी शोधतेय."

योगिनी म्हणजे आमच्या निरंजनची बायको. हिंजवडीतली नोकरी गेली तेव्हापासून पुनावळ्याच्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती हाताने मेणबत्त्या बनवते. सगळ्या स्वयंपाकघराला व्हॅनिलाचा वास. खरं सांगायचं तर तिथं आमटी खाताना मला केक खाल्ल्यासारखं होतं, पण पोरगी रिकामी बसली नाही याचं मला कौतुक आहे. आता तिच्या सोसायटीत हॅलोविनचा मेळावा होता. हॅलोविन म्हणजे बाहेरच्या देशातला भुतांचा सण, भोपळ्याला डोळे पाडायचे आणि पोरांनी चादरी पांघरून हिंडायचं. आपण गेलेल्यांना पान वाढतो आणि कावळ्याची वाट बघतो, ते गेलेल्यांची सोंगं काढतात. ज्याची त्याची रीत. तसं आमच्या पानालाही त्या दिवशी कावळा कुठं आला होता. बाल्कनीला कबुतरांची जाळी. निरंजन पान घेऊन गच्चीवर गेला, ठेवलं आणि तसाच चाकणला सेकंड शिफ्टला पळाला.

योगिनी एकेक अक्षर दाखवत होती. कुठं कोळ्याची जाळी, कुठं हाडं, कुठं मांजराची शेपटी. तिला एकही पसंत पडेना.

"मला खेळकर पाहिजे, आई. हाताने लिहिल्यासारखं. बघून भीती वाटली पाहिजे आणि हसूही आलं पाहिजे."

"मग आमच्या लग्नाचा फोटो लाव," मी म्हटलं.

ती हसली. हेही हसले. हसताहसता हे म्हणाले, "हातानं लिवल्यावानी पायजे, तर मग हातानंच लिवून घे की. मी देतो."

मी हातातली वाटी खाली ठेवली. यांच्या तोंडून काय निघून गेलं ते त्या घरात फक्त मला कळलं होतं.

"खरंच, बाबा?" योगिनी म्हणाली. "द्या ना. तुमचं तर कामच ते."

कामच ते. तिचं काही चुकलं नाही. आमच्या यांनी, चिमाजींनी, उभी हयात भांड्यांवर नावं घालण्यात घालवली. पारनेरकडून काळेवाडीत आलो तेव्हा कंपनीत चिकटले नाहीत, आबाजीशेठच्या भांड्यांच्या दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसले. हातात ते विजेवरचं मशीन, जाड पेनासारखं, टोकाला सुई. गिऱ्हाइकाने भांडं घेतलं की यांनी मांडीवर घ्यायचं, म्हणायचं, "नाव सांगा," आणि टर्र करत सुरू. रेघ आखायची नाही, खडूने आधी लिहायचं नाही. चि. सौ. कां. अमकी हिस आत्याकडून सप्रेम भेट, खाली तारीख. किती लग्नं मोडली असतील, पण हंड्यांवरची नावं अजून तशीच असतील. दिवाळीच्या आधी कंपन्यांचे डबे यायचे, कामगारांना वाटायला. त्यांच्यावर इंग्रजीत नाव. इंग्रजी वाचायला यांना जड जायचं, पण लिहायचे असं की साहेब लोक डबा उन्हात धरून बघायचे.

पुढे लोकांनी भांडी द्यायचं सोडलं. पाकीट दिलं की झालं, नाव कशाला घालायचं. आबाजीशेठ गेले, त्यांच्या पोराने दुकानात मोबाइलची कव्हरं लावली आणि मशीन फडक्यात गुंडाळून यांच्या हातात दिलं. वाईट बोलला नाही, आम्हा दोघांना चहासुद्धा पाजला. त्याच चहाच्या वेळी मी पहिल्यांदा बघितलं, कप बशीवर वाजत होता.

डॉक्टर म्हणाले, काही वयाचं आहे, काही त्या मशीनच्या थरथरीने वाढवलंय. थांबणार नाही. आम्ही दोघांनी ते गिळलं आणि कुणाला सांगितलं नाही. निरंजनला कळलं असतं तर त्याने आधी यांची सायकल काढून घेतली असती, मग किल्ल्या, मग बाजाराची पिशवी. माणूस असा हप्त्याहप्त्याने म्हातारा करतात. म्हणून मी चहा अर्धा कप ओतायची, चारचौघांत वरणभात टाळून पोळीभाजी वाढायची, शर्टाची बटणं आतल्या खोलीत लावून द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि या माणसाने ती मूठ आपण होऊन सुनेपुढे उघडायची कबूल केली होती.

घरी परतताना डांगे चौकात बस बदलायला उभे राहिलो तेव्हा मी तोंड सोडलं. "पितृपंधरवड्यात कुणी नवीन काम काढतं का? अन् हात कुठनं आणणार हाय तुम्ही? उसना?"

"काम हाय ते, सुमन," हे म्हणाले. "कुणीतरी काम मागितलंय मला."

"मागितलं न्हाई. तुम्हीच पुढं झालात."

बस आली. मला बसायला जागा मिळाली, हे दांडीला धरून उभे राहिले. दांडी धरली की तो हात थांबल्यासारखा वाटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी आंघोळ केली आणि दुकानावर जायचा पांढरा शर्ट काढायला लावला. मी म्हटलं, घरात बसून लिहायचंय तर शर्ट कशाला? पण बटणं लावून दिली. योगिनीने दिलेला जाड कागद आणि काळा मार्कर घेऊन हे खिडकीपाशी बसले. इंग्रजी ए पासून सुरुवात. मी पोळ्या लाटत होते, पण कान तिकडेच. मार्करचं टोक कागदावर टकटक वाजायला लागलं आणि मला कळलं.

ए चे दोन्ही पाय वाकडे. बी ला दोन पोटं असतात तिथं तीन. ओ तर जुळेचना, जिथून सुरू केला तिथं परत येईस्तोवर हात भलतीकडे. यांनी कागद बाजूला टाकला, दुसरा घेतला. कोपर भिंतीला टेकवून बघितलं. रुमालाने मनगट आवळून बघितलं. जेवण झाल्यावर हात शांत असतो म्हणाले, जेवून बसले. काही नाही. दुपारी मी पडले होते, तर हे त्या फडक्यातलं मशीन काढून नुसतं हातात धरून बसलेले. वायर लावली नव्हती.

"राहू द्या," मी म्हटलं. "डोळ्याचं कारण सांगू योगिनीला."

"इकडं ये," हे म्हणाले. "धर."

मी समोर बसले आणि दोन्ही हातांनी यांचं मनगट धरलं. पाण्याची मोटर चालू असताना पाइपला हात लावला की कसं लागतं, तसं आतून लागत होतं. इतकी वर्षं शेजारी झोपले, पण ते आत एवढं चालू असेल असं मला वाटलं नव्हतं. मला भीती वाटली. मी जीव खाऊन धरलं. हे लिहीत गेले आणि मी त्यांच्या हाताबरोबर सरकत गेले. एकेक अक्षर झालं की सोडायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा धरायचं. संध्याकाळपर्यंत पान झालं. सरळ, ताठ, कंपनीच्या डब्यावर असायची तशी अक्षरं. हे ते लांब धरून बघत राहिले. त्या दिवशी जेवताना दोन गोष्टी बोलले, आबाजीशेठच्या नकला केल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

खराब झालेले कागद यांनी कचऱ्यात टाकले होते. चांगला जाड कागद, टाकवतो का? योगिनीसाठी लसणाची चटणी केली होती, बरणीतून तेल सुटतं, म्हणून एक कागद मी बरणीला गुंडाळला.

पुनावळ्याला गेल्यावर यांनी पान टेबलावर ठेवलं आणि मागे उभे राहिले, दोन्ही हात पाठीशी.

"छान आहे, बाबा," योगिनी म्हणाली. "एकदम नीट आहे."

हा आवाज मला माहीत आहे. तिच्या पुरणपोळीला मी ह्याच आवाजात छान म्हणते. यांनाही तो कळला. हे म्हणाले, "बघ, न्हाई बसत तर राहू दे. तुझ्या मशीनमधलं घे."

"नाही नाही, बाबा, बघते ना मी." तिने विषय बदलायला चटणीची बरणी हातात घेतली, कागद सोडवला आणि थांबली. तेलाचे डाग पडलेला तो कागद तिने टेबलावर पसरला, हाताने सपाट केला. "हे काय आहे?"

"ते खराब झालेलं हाय," हे म्हणाले.

"खराब? बाबा, हेच! हेच पाहिजे होतं मला. बघा ना हा ओ. भूत दुसऱ्याला घाबरवायला आलंय आणि स्वतःच घाबरलंय, असं वाटतंय. कसं काढलंत हो तुम्ही हे? मी मुद्दाम काढायला गेले तरी जमणार नाही."

हे माझ्याकडे बघत होते. मी पदराला हात पुसत होते. हात ओला नव्हता.

"मुद्दामच," हे म्हणाले. "मुद्दाम काढलंय तसं. गंमत म्हणून."

"मग आधी का नाही दाखवलंत?"

"म्हणलं आधी नीट दाखवावं."

मला त्या वेळी सुनेचा राग आला, यांचा आला, त्या चटणीचा आला. कोणाला काय म्हणणार. पोरगी मनापासून खुश झाली होती. तिने कागदाचे फोटो काढले, लॅपटॉपवर काहीतरी करत बसली, आणि तासाभराने म्हणाली, "बाबा, या इकडे." तिने बटणं दाबली आणि पडद्यावर यांची अक्षरं उमटायला लागली. बी, ओ, ओ. बू, म्हणजे तिकडच्या भुताचं भॉ. प्रत्येक अक्षर थरथरत्या काठाचं. तिने नुसत्या बोटांनी भराभर ओळ लिहिली, आणि ओळभर यांचा हात कापत गेला. त्या वळणाला तिने नावही दिलं होतं, चिमाजी.

"मी न लिवता?" यांनी विचारलं.

"हो ना. आता तुम्हाला परत एकदाही लिहावं लागणार नाही."

ती हे मायेनेच म्हणाली होती. हे मान हलवत राहिले. परतताना बसमध्ये म्हणाले, "टाकायचं तेच चाललं की गं." आणि हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही.

मेळावा सोसायटीच्या हिरवळीवर होता. काळे झगे घातलेली पोरं, चादरी पांघरलेली पोरं, एका बाईने तोंडाला पीठ फासलेलं. योगिनीच्या टेबलावर भोपळ्याच्या, भुतांच्या मेणबत्त्या आणि प्रत्येकीवर तो बू. आम्ही मागे खुर्च्यांवर. यांनी पांढरा शर्ट घातला होता. माल भराभर जात होता. लोक मेणबत्ती उचलायचे, आधी लेबल वाचायचे आणि हसायचे. दरवेळी हे खुर्चीत जरा ताठ बसायचे. मी म्हटलं, चला, निदान एवढं तरी सुख.

मग शेजारच्या इमारतीतली प्राजक्ता म्हणून एक बाई आली. तिने विचारलं, "योगिनी, हा फॉन्ट कुठून घेतलास?"

"घेतला नाही," योगिनी म्हणाली. "माझ्या सासऱ्यांचं अक्षर आहे. ते आर्टिस्ट आहेत."

"काय सांगतेस! काका, मग माझ्या लेकीचं नाव लिहून द्या ना. आत्ता, तुमच्या हाताने. दिव्या, ये इकडे."

योगिनीने लगेच कार्ड आणि मार्कर पुढे केला. मी म्हटलं, "आत्ता नको. यांनी चष्मा आणला न्हाई." चष्मा यांच्या खिशात दिसत होता.

हे उठले. कार्ड घेतलं, पुन्हा बसले, ते भांड्यासारखं मांडीवर ठेवलं आणि त्या पोरीला म्हणाले, "नाव सांगा." किती दिवसांनी ऐकत होते मी ते. कोपर अंगाशी कसं धरलंय हे बघितलं आणि मला कळलं, हा माणूस सरळ लिहायला बसलाय. भुताचं नाही, आपलं लिहायला बसलाय.

हात निघाला तोच कापत. चार लोक बघायला लागले की तो जास्तच कापतो. मार्कर कार्डावर टकटक वाजू लागला. पोरं जमली. "अंकल काय भारी करतायत!" एकजण म्हणाला. कोणी मोबाइल धरला. दिव्याने आपला हात तसाच हलवून दाखवला, तिचं बघून दुसऱ्याने, मग सगळ्याच पोरांनी. दहाबारा पोरं हात थरथरवत उभी, आणि आयाबाप टाळ्या वाजवतायत. योगिनीही हसत होती. मग तिने यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

निरंजन वडापावची पुडकी घेऊन येत होता. तो तिथंच उभा राहिला. हा पोरगा त्या स्टुलाच्या शेजारी बसून वाढलाय. बापाला अक्षराची चेष्टा करताना त्याने जन्मात बघितलेलं नाही.

मला राहवलं नाही. मी खाली बसले आणि यांचं मनगट धरलं.

"सोड," हे हळू म्हणाले. "समदे बघत्यात."

मी सोडलं. यांनी नाव पुरं केलं. पोरीने कार्ड घेतलं, म्हणाली, "थँक यू, भूत आजोबा," आणि पळाली. टाळ्या झाल्या. यांनी मार्करला टोपण लावायला घेतलं, ते बसेना. निरंजनने पुढे होऊन लावलं.

घरी सोडायला तो गाडी घेऊन आला. काळेवाडी फाटा आला. मग म्हणाला, "बाबा, कधीपासून?"

"मुद्दाम करतो मी ते," हे म्हणाले.

निरंजनने आरशातून माझ्याकडे बघितलं, आणि मी बाहेर बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आमच्या घरात शब्दाला शब्द खरं झालं होतं.

पुढे जे व्हायचं ते झालं. मोठा डॉक्टर झाला, गोळ्या झाल्या. गोळ्यांनी झोप येते, हात थांबत नाही. सायकल निरंजनने सोसायटीच्या वॉचमनला दिली, खूप प्रेमाने समजावून दिली. योगिनी माझ्यापाशी येऊन रडली. म्हणाली, "आई, मी हसले हो त्यांना. मी तो फॉन्ट काढून टाकते." यांनी आतून ऐकलं. म्हणाले, "कशाला काढती? माल खपतोय न्हवं?" मग तिने काढला नाही. आणि काढून तरी काय होणार होतं.

यंदाच्या पितृपंधरवड्यात तर्पणाचं पाणी यांच्या हातून पडेना, भलतीकडेच सांडलं, तेव्हा निरंजनने हाताखाली हात धरला. आता मार्कर लांब राहिला, चमचाही धरवत नाही. मी भरवते. चारचौघांतही भरवते, लपवायला काही उरलेलं नाही. मशीन फडक्यातच आहे, पोटमाळ्यावर.

परवा योगिनी काळेवाडीला आली, हॅलोविनच्या नव्या मेणबत्त्या दाखवायला. एक टेबलावर ठेवली आणि भाजी निवडायला माझ्या मदतीला बसली. हे खुर्चीत होते. त्यांनी मेणबत्तीकडे मान वळवली. लेबल तेच, बू. मीही बघितलं. गेल्या वर्षी जो कागद मी चटणीच्या बरणीला गुंडाळला होता, त्यावरचीच ही अक्षरं. बी ची तीन पोटं, न जुळलेला ओ. त्या दिवशी मला ती बघवली नव्हती. आता बघताना वाटलं, किती सरळ होती. सगळी कशी ओळखू येत होती.

यांनी बोट उचललं आणि ओ वर ठेवलं. त्या गोलावरून फिरवायला लागले. बोट गोलावर थांबेना, लेबलाच्या कडेवरून घसरून मेणावर गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं. मी भाजी बाजूला सारली आणि त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. योगिनी खाली मान घालून मेथीची तीच काडी मोडत राहिली. आम्ही दोघांनी मिळून फिरवून बघितलं. नाही जमलं.

"तवा बरा होता की हात," हे म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं. "बरा होता."